फोटोत आधी काय पाहायचं: वाई-मेणवलीच्या घाटांवर दृश्यघटकांचा सराव

घाटावर फोटो काढायला गेलेला माणूस सहसा वस्तू पाहतो. देऊळ, नदी, पायऱ्या, वाळत घातलेली लुगडी. कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंत यातलं काहीच पोचत नाही. तिथे पोचतो तो फक्त उजेड: कुठे जास्त, कुठे कमी, कुठे पिवळसर, कुठे निळसर. त्या उजेडातून चौकटीत गडद आणि उजळ भाग तयार होतात, त्यांच्या कडांमधून रेषा आणि आकार दिसू लागतात, आणि पाहणाऱ्याची नजर त्यांच्यावरून फिरते. डोळ्यांना सुंदर वाटलेली जागा फोटोत सपक का दिसते, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षा दिलेल्यांना यातलं बरंचसं आधीच येतं. वस्तुचित्रात तांब्यावरची उजळ आणि गडद बाजू रंगवली होती, संकल्पचित्रात आकारांचा तोल साधला होता. तेच शिक्षण हातात कॅमेरा आल्यावर वापरायचं आहे. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या होत्या. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ कॅमेऱ्याकडे वळण्याआधी पॅरिसमध्ये आंद्रे लोत या चित्रकाराकडे चित्रकला शिकत होता.

सरावासाठी मी वाई आणि तिथून तीनेक किलोमीटरवरचं मेणवली निवडलंय. कृष्णेकाठचे दगडी घाट, मागे डोंगर, माणसांची ये-जा, पाणी, देवळं, आणि मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. सगळे दृश्यघटक हाकेच्या अंतरावर मिळतात. तुमच्या जवळ पंचवटी, नरसोबाची वाडी, पंढरपूर किंवा मुंबईतलं बाणगंगा तळं असेल तर तिथेही हाच क्रम चालतो. मोबाइल पुरेसा आहे.

निघण्याआधी

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या उभ्या-आडव्या मदतरेषांची जाळी, चालू करा. तिचा मुख्य उपयोग क्षितिज आणि देवळाचे खांब सरळ ठेवायला होतो. भिंग स्वच्छ कापडाने पुसा. बोटाचा तेलकट डाग असला की उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोवर दुधाळ पडदा येतो. एचडीआर बंद करता येत असेल तर सरावापुरता बंद ठेवा, कारण तो सावल्या उजळवतो आणि ऊन दाबतो, आणि आपल्याला नेमका तोच फरक पाहायला शिकायचं आहे. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक होतं; मग बोट वर-खाली सरकवून फोटो उजळ किंवा गडद करता येतो. हे हाताला सवयीचं होईपर्यंत घरीच करून पाहा.

आणखी एक साधन घरी बनवा. जाड पुठ्ठ्यात ६ सेंटीमीटर रुंद आणि ४ सेंटीमीटर उंच अशी खिडकी कापा. ती एका डोळ्यासमोर धरून पुढे-मागे करत फिरलं की फोन बाहेर न काढताच चौकट शोधता येते. निसर्गचित्र काढणारे लोक हे पूर्वापार करत आले आहेत, आणि फोटोसाठीही याच्याइतकं स्वस्त आणि कामाचं साधन मला माहीत नाही.

पहिली पायरी: छटा

नवशिक्याला पहिल्याच दिवशी तृतीयांशाचा नियम, म्हणजे चौकटीचे तीन-तीन भाग कल्पून मांडणी करणं, शिकवायची पद्धत आहे. माझ्या मते सुरुवात छटांपासून करावी, म्हणजे गडद-उजळाच्या पायऱ्यांपासून. बाकीचे सगळे घटक त्यांच्यावर उभे असतात. रेषा दिसते ती दोन वेगळ्या छटा शेजारी आल्या म्हणून. पोत दिसतो तो बारीक बारीक सावल्यांमुळे.

घाटावर पोचल्यावर फोन खिशात ठेवा आणि डोळे बारीक करा, इतके की पापण्यांमधून धूसर दिसेल. तपशील नाहीसे होतील आणि उरतील तीन-चार मोठे डाग: गडद दगड, मधल्या छटेचं पाणी, उजळ आकाश, कदाचित एखादं पांढरं धोतर. आता स्वतःला विचारा, सगळ्यांत उजळ डाग कुठे आहे? सगळ्यांत गडद कुठे? जिथे सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद एकमेकांना भिडतात, तिथे नजर पहिल्यांदा जाते. तुम्हाला जे दाखवायचं आहे ते तिथेच असेल तर फोटो अर्धा जमला. नसेल तर जागा बदला, किंवा थांबा आणि माणूस तिथे येऊ द्या.

सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते एकदा छटांसाठी नीट पाहा. ज्योतीजवळचे हात आणि चेहरा उजळ आहेत, आणि तिथून छटा उतरत उतरत कडांना गडद होत जाते. चित्रकाराने उजेड कुठे संपवायचा हे ठरवलं आहे. छायाचित्रकार उजेड रंगवू शकत नाही, पण कुठे उभं राहायचं आणि किती वाजता जायचं हे ठरवू शकतो.

वेळेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुस्तकांतले सल्ले बरेचदा थंड देशांतले असतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पुणे-सातारा पट्ट्यात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो आणि खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. त्या दिवसांत सकाळी नऊनंतर चेहऱ्यांवर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडू लागतात आणि पायऱ्यांचा उठाव जातो. डिसेंबरात मात्र सूर्य ऐन दुपारीसुद्धा क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. म्हणून हिवाळ्यात दिवसभर तिरकं ऊन मिळतं आणि अकरा-साडेअकरापर्यंत आरामात काम करता येतं. छटा शिकायला नोव्हेंबर ते जानेवारी हा सर्वांत चांगला काळ.

आता एक्स्पोजर. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या छटेकडे ओढायला पाहतं. वाईचा दगड काळा बेसाल्ट. चौकट त्या दगडाने भरली की मीटरला वाटतं अंधार आहे. ते फोटो उजळवतं आणि काळाभोर दगड राखाडी दिसतो. अशा वेळी एक्स्पोजर एक-दोन तृतीयांशापासून पूर्ण एका स्टॉपपर्यंत कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). उलट, उन्हात वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरांनी चौकट भरली तर ती मळकट दिसतात. तिथे तेवढंच वाढवा. मीटर चुकत नाही, त्याला दगड कोणता आणि धोतर कोणतं हे सांगायचं काम आपलं आहे.

सराव असा करा. फोनचा कृष्णधवल फिल्टर लावा आणि पहिला पूर्ण तास फक्त त्यातच फोटो काढा. मेणवलीच्या घाटावर छोट्या दगडी देवळीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९च्या वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी आप्पांच्या विजयाची खूण म्हणून आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक. तिचे दोन फोटो घ्या. एकात एक्स्पोजर बाहेरच्या उजेडावर लॉक करा: घंटा काळी छायाकृती होईल आणि तिची कड दिसेल. दुसऱ्यात घंटेवर लॉक करा: बाहेरचं सगळं पांढरं पडेल आणि धातूवरची झळाळी दिसेल. जागा एकच, घंटा एकच, आणि दोन पूर्ण वेगळे फोटो. यातला कुठला हवा हे बटण दाबण्याआधी ठरवायची सवय लागली की या पायरीचं काम झालं.

दुसरी पायरी: रेषा

घाटाच्या पायऱ्या म्हणजे रेषांचा मोठा साठा. त्यांच्यासमोर सरळ उभे राहिलात तर आडव्या समांतर रेषा मिळतात; फोटो शांत, स्थिर वाटतो. बाजूला सरकून कोपऱ्यातून पाहिलंत की त्याच रेषा तिरक्या होतात आणि चौकटीत हालचाल येते. खाली पाण्याच्या पायरीवर बसून वर पाहिलंत तर रेषा वरच्या देवळाकडे जमा होतात. आणि मेणवलीच्या वळलेल्या घाटावर एका टोकाला गेलात तर तोच घाट लांब कमान होऊन नजरेला हळूहळू दुसऱ्या टोकाला नेतो. चारही जागी उभे राहून चार फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा.

मुख्य प्रश्न हा की रेषा नजरेला कुठे नेऊन सोडते. ती चौकटीबाहेर जात असेल तर नजरही बाहेर जाते. कार्तिए-ब्रेसाँचं १९३२चं फ्रान्समधल्या येर गावातलं छायाचित्र यासाठी पाहण्यासारखं आहे. वरून दिसणारा गोल जिना, त्याचा कठडा वळत वळत खाली उतरतो, आणि खाली रस्त्यावरून एक सायकलस्वार सर्रकन जातोय. जिना स्थिर आहे, सायकलस्वार हलला आहे, पण दोघांचं वळण एकच आहे. रेषांची जागा आधी सापडली की मग त्या जागी माणूस यायची वाट पाहता येते. घाटावर हे सहज जमतं. पायऱ्यांची चांगली चौकट लावा, फोन धरून ठेवा, आणि कळशी घेतलेलं कुणी किंवा सोवळं नेसलेले गुरुजी रेषेच्या शेवटाशी आले की बटण दाबा.

काही रेषा काढलेल्या नसतात तरी असतात. माणूस जिकडे पाहतो तिकडे आपणही पाहतो. म्हणून नदीकडे पाहणाऱ्या आजींच्या समोर नदीची जागा ठेवा; त्यांच्या नाकाशी चौकट संपवली तर नजर कडेवर आदळते.

पाण्याची कड आणि क्षितिज यांच्याकडे ग्रिड वापरून लक्ष द्या. नदी तिरकी झालेला फोटो पाहणाऱ्याला लगेच खटकतो, कारण पाणी उतरतंय असं वाटतं. मुद्दाम तिरकं करायचं असेल तर चांगलं ठसठशीत करा. दोन-तीन अंशांचा कल नुसता निष्काळजीपणा दिसतो.

तिसरी पायरी: आकार आणि घनता

आकार म्हणजे सपाट रूप: छायाकृतीत दिसतं तेवढं. घनता म्हणजे तीच वस्तू गोल, फुगीर, जड आहे हे जाणवणं. आकार दाखवायला उजेड मागून हवा. घनता दाखवायला बाजूने.

आकाराचं मुख्य पथ्य म्हणजे आकार एकमेकांत मिसळू देऊ नका. दीपमाळ देवळाच्या शिखरात घुसलेली, माणसाच्या डोक्यातून खांब उगवलेला, दोन बायकांच्या आकृत्यांचं मिळून एकच न कळणारं गाठोडं झालेलं, हे सगळं डोळ्यांना जागेवर जाणवत नाही, कारण आपल्याला दोन डोळ्यांमुळे खोली कळते. फोटो एका डोळ्याने पाहतो. म्हणून फोटो काढण्याआधी एक डोळा मिटा. मिसळलेले आकार लगेच दिसतील. बहुतेक वेळा अर्धं पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे, नाहीतर थोडं खाली बसणं, एवढ्यात दोन आकारांमध्ये उजेडाची फट तयार होते. कामसूत्रावरच्या जयमंगला टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगं सांगितली आहेत. त्यात पहिलं आहे रूपभेद, म्हणजे रूपं एकमेकांपासून वेगळी ओळखणं. चित्रकलेच्या आपल्या परंपरेने हे सर्वांत आधी ठेवलं याचं मला फार महत्त्व वाटतं.

वाईच्या ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. नदीच्या पुराचं पाणी कापलं जावं म्हणून त्याची मागची भिंत मत्स्याकार केली आहे. समोरून येणाऱ्याला तो आकार दिसतच नाही. तो दाखवायचा तर देवळाला वळसा घालून मागे जावं लागतं, आणि भिंतीवर बाजूने ऊन पडेपर्यंत थांबावं लागतं. समोरून ऊन असलं तर ती सपाट दिसेल. बाजूने असलं तर एक अंग उजळ, दुसरं सावलीत, आणि मधली निमुळती धार आपोआप पुढे येईल. वस्तूभोवती पूर्ण फेरी मारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, हा नियम मी घाटावर कुणालाही पहिल्यांदा सांगेन.

पोत

इथे फार बोलायला नको, कारण युक्ती एकच आहे. पृष्ठभागाला घासून जाणारा तिरका उजेड हवा. छिन्नीच्या खुणा, झिजलेल्या पायरीची खळगी, शेवाळ, ओल्या लुगड्याच्या चुण्या, म्हाताऱ्या हातांवरच्या रेघा, सगळं सकाळच्या पहिल्या तासा-दीड तासात उठून दिसतं. ढगाळ दिवशी पोत मऊ होतो; चेहऱ्यांना ते चांगलं, दगडाला नाही. दगड ओला असेल तर उलट उजेडाकडे तोंड करा, प्रत्येक खळगा चमकेल. फ्लॅश बंद. समोरून आलेला उजेड पोत मारतो. आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर फोटोच्या नादात मागे पाऊल टाकू नका; पावसाळ्यात आणि धरणाचं पाणी सोडल्यावर खालच्या पायऱ्या पाण्यात असतात.

पाण्याच्या पोताबद्दल एवढंच की तो शटरच्या वेगावर, म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड घेतो यावर ठरतो. १/५०० सेकंदाला शिंतोडे काचेच्या तुकड्यांसारखे गोठतात, अर्ध्या-एक सेकंदाला पाणी रेशमी होतं. एक सेकंदासाठी फोन दगडावर टेकवून ठेवा आणि टायमर लावा. स्वच्छ प्रतिबिंब हवं असेल तर वारा सुटायच्या आत, म्हणजे उजाडताच पोचा.

चौथी पायरी: रंग

कृष्णधवल फिल्टर आता काढा. रंग शेवटाकडे ठेवण्याचं कारण असं की रंग फार लवकर खूश करतो. लाल साडी दिसली की आपण फोटो काढतो, आणि छटा, रेषा, आकार सगळं विसरतो.

घाटावर रंगाची एक सोय आहे: काळा-करडा दगड. त्या तटस्थ पार्श्वभूमीवर रंगाचा एक छोटा ठिपकाही चौकट पेलतो. म्हणून एका फोटोत एकच मुख्य रंग ठेवायचा सराव करा. वाळत घातलेली हळदी रंगाची एकच साडी आणि बाकी सगळा दगड. शेजारी निळी प्लास्टिकची बादली असेल तर चौकट सरकवून ती बाहेर काढा. बादलीचा रंग तेवढाच भडक असला तर नजर साडी आणि बादली यांच्यात ओढली जाते, आणि सहसा बादली जिंकते.

मग दोन रंगांचे संबंध पाहा. चित्रकलेच्या रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग, म्हणजे नारिंगी-निळा, लाल-हिरवा, पिवळा-जांभळा, एकमेकांना धार आणतात. शेजारचे रंग, म्हणजे पिवळा-केशरी-लाल, एकमेकांत मुरतात. नारिंगी-निळ्याची जोडी निसर्ग रोज तयार करतो. उजेड किती पिवळसर किंवा निळसर हे रंगतापमानाने मोजतात; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर. उन्हाचं रंगतापमान सुमारे ५५०० केल्व्हिन, सावलीचं ७०००च्या आसपास, आणि समईच्या ज्योतीचं २०००च्या जवळपास. सूर्य मावळल्यावर आकाश निळं होतं आणि देवळात दिवे लागतात. त्या वेळी दोन्ही एकाच चौकटीत मिळतात. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश लवकर सरतो, जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. चौकट आधी शोधून ठेवा. फोनमध्ये प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) ऑटोवर न ठेवता सूर्यप्रकाशावर लावा, नाहीतर फोन दिव्याचा पिवळेपणा धुऊन काढतो.

गडद भरलेल्या रंगांना एक धोका असतो. जेजुरीचा भंडारा, झेंडूचे ढीग, भगवे झेंडे भर उन्हात काढले की त्यातला तपशील जाऊन नुसता सपाट रंग उरतो, कारण सेन्सरची लाल वाहिनी आधी काठोकाठ भरते. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी करा. रंग दाट होईल आणि पाकळ्या वेगळ्या दिसतील. एडिट करताना सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवायचा मोह झाला तर आधी फोटो थोडा गडद करून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

पाचवी पायरी: अवकाश

फोटो सपाट असतो, पण खोलीचा भास देता येतो, आणि वाईत तो द्यायला साहित्य भरपूर आहे. जवळ पायऱ्या, मध्ये नदी आणि देवळं, मागे पांडवगड आणि सह्याद्रीच्या रांगा. हिवाळ्याच्या सकाळी धुक्यामुळे प्रत्येक मागची रांग पुढच्यापेक्षा फिकट आणि निळसर होते. हवेची ही पायरी दिसते तेव्हाच डोंगर चौकटीत घ्या. दुपारी सगळं एका छटेचं झाल्यावर तो नुसता मागचा पडदा उरतो.

खोलीसाठी तीन थर शोधा: जवळचं काहीतरी, मधलं, आणि दूरचं. जवळचा थर बहुतेकजण विसरतात. देवळीची कमान, खांबाची कड, पायरीवर ठेवलेला तांब्या, वडाची पारंबी, काहीही चालेल, फक्त ते मधल्या विषयावर चढू नये.

भिंगांबद्दल एक गैरसमज दूर करतो. वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण ठरतं ते तुमच्या अंतरावर, भिंगावर नाही. फोनच्या मुख्य वाइड भिंगाने चेहरा भरण्यासाठी आपण हातभर अंतरावर जातो, आणि नाक मोठं दिसतं. दीड-दोन मीटर मागे या आणि २एक्स वापरा. चेहरा जसा आहे तसा येईल. डोंगर देवळामागे मोठा हवा असेल तर देवळापासून लांब जा आणि झूम करा. देऊळ अवाढव्य आणि डोंगर लहान हवा असेल तर देवळाच्या पायथ्याशी जा.

रिकामी जागा हाही घटक आहे. शांत पाण्याचा मोठा सपाट भाग आणि वरच्या कोपऱ्यात एकटाच होडीवाला, असा फोटो काढताना हात थांबतो, झूम करावंसं वाटतं. झूम करू नका. त्या रिकाम्या पाण्यामुळेच माणूस एकटा दिसतो.

सहावी पायरी: मांडणी

आता चौकटीत हे सगळं बसवायचं. तृतीयांशाचा नियम इथे येतो. इंग्लंडमधल्या जॉन थॉमस स्मिथ या चित्रकाराने १७९७मध्ये तो या नावाने लिहून ठेवला, आणि तो निसर्गचित्रांमधल्या मोठ्या भागांच्या प्रमाणाबद्दल बोलत होता: आकाश आणि जमीन निम्मं-निम्मं ठेवू नका, दोहोंपैकी एकाला मोठा वाटा द्या. हा सल्ला आजही उत्तम आहे. आकाश छान असेल तर दोन तृतीयांश आकाश, पायऱ्या छान असतील तर दोन तृतीयांश पायऱ्या. पण प्रत्येक चेहरा ग्रिडच्या छेदबिंदूवर नेऊन टेकवायची सक्ती मला पटत नाही. देवळाचं दार, प्रतिबिंब, नंदी यांना मध्यभागच शोभतो. ती समोरासमोर, सममितीतच घडवलेली आहेत.

त्याऐवजी तोल पाहा. उजळ भाग गडदापेक्षा जड, भडक रंग फिक्यापेक्षा जड, माणसाचा चेहरा सर्वांत जड, आणि कडेजवळची वस्तू मध्यावरच्यापेक्षा जड असते. डावीकडे देवळाचा मोठा काळा भाग असेल तर उजवीकडे दूरवर लहानसं पांढरं धोतरही तो तोल सांभाळू शकतं. तराजूच्या दांडीवर लांब सरकवलेलं छोटं वजन जसं मोठ्याला तोलतं, तसंच हे आहे. फोन उलटा धरून फोटो पाहिला की वस्तू ओळखू येत नाहीत आणि तोल ढळलेला लगेच कळतो.

मांडणीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कडांची. बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवा. अर्धा कापलेला कुत्रा, कोपऱ्यातून डोकावणारी चप्पल, वरून लोंबणारी वायर, मनगटाशी किंवा घोट्याशी तुटलेला हात-पाय. माणूस कापायचाच असेल तर कमरेवर किंवा मांडीवर कापा, सांध्यावर नको. वरच्या कोपऱ्यात आकाशाचा छोटासा पांढरा त्रिकोण राहिला तर नजर तिकडेच पळते. या एका फेरीला दोन सेकंद लागतात, आणि घरी गेल्यावरचं निम्मं क्रॉपिंग वाचतं.

लय म्हणजे पुनरावृत्ती आणि तिच्यातला खंड. एकसारख्या पायऱ्या ही लय, त्यावर बसलेला एक माणूस हा खंड. नुसत्या पायऱ्यांच्या फोटोवर नजर फार वेळ टिकत नाही.

प्रत्यक्ष फेरी

पहिल्या भेटीत फक्त छटा आणि रेषा घ्या, दुसऱ्यात आकार आणि पोत, तिसऱ्यात रंग आणि अवकाश. सगळं एकाच सकाळी साधायला गेलात तर काहीच नीट होत नाही. उजाडायच्या आत पोचा, पहिली दहा मिनिटं फोन न काढता चाला, डोळे बारीक करून मोठे डाग बघा, पुठ्ठ्याच्या खिडकीतून तीन-चार जागा ठरवा. मग एका जागी ठाण मांडून किमान वीस मिनिटं थांबा. उजेड सरकेल, माणसं येतील-जातील. एकाच चौकटीत काय बदललं की फोटो होतो, हे थांबल्याशिवाय कळत नाही.

घाट ही लोकांच्या रोजच्या वापराची जागा आहे. कुणी आंघोळ करत असेल, अस्थिविसर्जनाला आलं असेल, तर कॅमेरा खाली. चेहरा ओळखू येणार असेल तर विचारा: "मावशी, तुमचा एक फोटो काढू का?" नाही म्हणाल्या तर तो विषय तिथेच संपला. हो म्हणाल्या तर काढल्यावर त्यांना दाखवा. बरेचदा त्यानंतर त्या पुन्हा आपल्या कामाला लागतात आणि तुम्हाला विसरतात, आणि खरा फोटो तेव्हा मिळतो.

घरी आल्यावर लगेच निवडू नका, एक रात्र जाऊ द्या. मग सगळे फोटो बोटाच्या नखाएवढे छोटे करून एकत्र पाहा. त्या आकारातही जे उठून दिसतात, त्यांच्या छटा जमल्या आहेत. तेवढेच बाजूला काढा. त्यांच्यातला प्रत्येक एकदा कृष्णधवल करून बघा: कृष्णधवलमध्येही टिकत असेल तर रंगाची गरज खरंच आहे का ते तपासा, आणि टिकत नसेल तर तो फोटो फक्त रंगावर उभा आहे हे लक्षात ठेवा. शेवटी क्रॉप. कार्तिए-ब्रेसाँ क्रॉपच्या विरुद्ध होता, पण सँ-लाझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचं त्याचं प्रसिद्ध छायाचित्र क्रॉप केलेलंच आहे, कारण तो कुंपणाच्या फटीतून काढत होता आणि कडेला फळी आली होती. कडेला तुमची फळी आली असेल तर कापा. मधलाच विषय लहान राहिला असेल तर कापून मोठा करू नका. पुढच्या वेळी चार पावलं पुढे जा.

निवडलेल्यांपैकी चार-पाच फोटो सहा बाय चार इंचांच्या कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने तारीख, वेळ, कुठे उभे होतात आणि कोणत्या घटकासाठी काढला ते लिहा. पुढच्या फेरीला ते सोबत न्या, त्याच पायरीवर उभे राहा, आणि त्याच चौकटीत या वेळी एकच गोष्ट बदलून पाहा.